मामाच्या मुलीशी सोयरीक आणि रिपोर्टमध्ये "थॅलेसीमिया ट्रेट", जाणकारांनी सांगावं

मांजराकाठ
रामराम मंडळी. विषय घरातला आहे पण झाकून ठेवून काही होणार नाही म्हणून इथं मांडतोय. माझ्या लहान बहिणीची सोयरीक आत्याच्या मुलाशी जमलीय. आमच्या केज-अंबाजोगाई पट्ट्यात मामाच्या पोरीवर पहिला हक्क आत्याच्या पोराचा, हे सांगायला नकोच. सुपारी फुटली, बस्ता तेवढा बांधायचा राहिलाय. मधेच बहिणीला लई थकवा यायला लागला म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६४, लाल पेशी ५८ लाख. मग डॉक्टरांनी एचपीएलसी नावाची तपासणी करायला लावली, त्यात एचबीए-टू ५.४ टक्के आलं आणि खाली लिहिलंय बीटा थॅलेसीमिया ट्रेट. पोरगी कॉलेजपासून लोहाच्या गोळ्या खातीय, काडीचा फरक नाही.

आता आत्याच्या घरून निरोप आलाय की पोरीच्या रक्तात दोष आहे, विचार करावा लागंल. आई दिवसरात्र रडायलीय. बहीण कुणाशी बोलत नाही. डॉक्टर दोन वाक्यात म्हणाले, मुलाचंही तपासून घ्या, आणि लगेच पुढच्या पेशंटला हाक मारली. मला एवढंच विचारायचंय की तिला आजार आहे का, पुढं लेकराबाळांना काय होईल आणि सोयरीक मोडायची का ठेवायची. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनीच सांगा, अंदाजपंचे नको.

रक्तपेढीवाला_नांदेड
दादा, आधी आईला सांगा की पोरीला आजार नाही. थॅलेसीमिया म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याचा जन्मजात आजार, ट्रेट म्हणजे त्याचा नुसता वाहक. आपल्या प्रत्येकात जवळजवळ प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून. तिची एक प्रत नीट आहे, एक बिघडलेली आहे. नीट प्रत काम ओढून नेते. हिमोग्लोबिन जरासं कमी राहतं, पेशी बारीक राहतात, बास. आयुष्य तुमच्याआमच्यासारखंच.

मी रोज एचपीएलसीच्या मशीनवर बसतो म्हणून सांगायलोय. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त मशीनमध्ये गेलं की वेगवेगळ्या जातीचं हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेळेला बाहेर पडतं आणि कागदावर एकेक टोक उमटतं. मोठं टोक नेहमीच्या हिमोग्लोबिनचं, त्याच्या नंतर छोटं टोक ए-टूचं. हे छोटं टोक ३.५ टक्क्यांच्या वर गेलं आणि पेशी बारीक असल्या की बीटा थॅलेसीमियाचा वाहक. ५.४ मध्ये शंकेला जागाच नाही. आणि खरं तर साध्या सीबीसीमध्येच, म्हणजे पहिल्या रक्ततपासणीतच खूण होती. एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्यानं (दहा लाखांत धरून) भागा, ६४ भागिले ५.८, म्हणजे ११. हा भागाकार १३ च्या खाली आला की लोहाच्या कमतरतेपेक्षा थॅलेसीमियाकडं बोट जातं, कारण लोह कमी पडलं तर पेशी बारीकही होतात आणि संख्येनंही घटतात, पण वाहकात पेशी बारीक आणि संख्या मात्र भरपूर. कितीतरी पोरी वर्षानुवर्ष लोहाच्या गोळ्या खात बसतात आणि हा भागाकार कुणी करतच नाही. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून घ्या, लोह कमी असेल तरच गोळी, नसेल तर बंद.

खरा प्रश्न नवरदेवाचा आहे. त्याचं तपासल्याशिवाय मोडायचं का ठेवायचं हे कुणीच सांगू शकत नाही.

लालकंधारी
मी शेतकरी माणूस, मला यातलं शास्त्र कळत नाही, पण एक सांगतो. आमच्या कंधार भागात लाल कंधारीचा वळू दोन-तीन वर्षांनी बदलतात, त्याच्याच कालवडीवर त्याला सोडत नाहीत. का म्हणून विचारलं तर म्हातारे म्हणायचे रक्त पातळ होतं. जनावरात एवढं पाळतो मग माणसात मामाची पोरगी का चालते? आणि दुसरा प्रश्न, असला बिघडलेला जीन मुळात टिकलाच कसा, जे बी चांगलं नाही ते तर दोन-चार पिढ्यात निघून जायला पाहिजे ना?

लातूरची_हैदराबादेत
दोन्ही प्रश्न फार मोलाचे आहेत काका. मी जेनेटिक्समध्येच काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपल्या पेशीत डीएनएची सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि अक्षरं चारच, ए, टी, जी, सी. त्यात प्रथिनं बनवणारे जीन साधारण २० हजार. हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारा जीन ११ नंबरच्या गुणसूत्रावर बसलेला आहे. पेशी आधी त्या जीनची नक्कल काढते, तिला आरएनए म्हणतात. त्या कच्च्या नकलेत मधे मधे नको असलेले तुकडे असतात, ते पेशी कापून टाकते, उरलेलं जोडते आणि त्यावरून १४६ अमिनो आम्लांची साखळी ओवते. आता आपल्याकडं बीटा थॅलेसीमियाचा सगळ्यात जास्त आढळणारा बदल बघा. पहिल्या नको असलेल्या तुकड्यातल्या पाचव्या अक्षराला जी ऐवजी सी झालेला आहे. बास, एकच अक्षर, तेही प्रथिनात न येणाऱ्या भागातलं. पण कात्री कुठं चालवायची ही खूण तिथंच असते, ती पुसट होते, पेशी भलत्याच ठिकाणी कापते आणि तयार झालेला बहुतेक माल फुकट जातो. म्हणजे हिमोग्लोबिन वेडंवाकडं बनत नाही, कमी बनतं. वाहकाला दुसरी प्रत असते म्हणून चालतं. दोन्ही प्रती अशा आल्या की बाळ जन्मताना ठणठणीत दिसतं, कारण पोटात असताना वेगळं हिमोग्लोबिन असतं, आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या दरम्यान पांढरंफटक पडायला लागतं. मग जन्मभर रक्त चढवणं.

ए-टू का वाढतं तेही यातच आलं. बीटाच्या शेजारीच डेल्टा नावाचा जीन आहे, त्याच्या साखळीपासून ए-टू बनतं. बीटा कमी पडला की याचा वाटा वर जातो. मशीन थेट जीन बघत नाही, त्याचा हा परिणाम बघतं.

आता टिकला कसा. १९४९ साली हॉल्डेन या शास्त्रज्ञानं अंदाज मांडला की थॅलेसीमियाचे वाहक मलेरियातून जास्त वाचत असावेत, आणि १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत काम करून सिकलसेल या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आजाराच्या वाहकांबाबत तेच दाखवलं. एक बिघडलेली प्रत असलेलं मूल हिवतापातून जास्त वाचतं, मोठं होतं, त्याला लेकरं होतात. त्यामुळं जिथं जिथं पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथं हे बदल टिकले, भूमध्य समुद्राच्या काठी, आफ्रिकेत, आणि आपल्याकडं. भारतात अंदाजे ३ ते ४ टक्के लोक बीटा थॅलेसीमियाचे वाहक आहेत. म्हणून याला दोष म्हणू नका. ज्या पूर्वजाकडं हा होता तो बहुधा त्याच्यामुळंच वाचलेला असेल.

मामाच्या पोरीबद्दल थोड्या वेळानं लिहिते.

जालन्याची_ताई
माझा मुलगा थॅलेसीमिया मेजर आहे, म्हणजे दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणून लिहितेय. दर तीन आठवड्यांनी रक्त. दिवस जवळ आले की त्याचं खेळणं मंदावतं, ओठ फिके पडतात, स्वतःच म्हणतो आई रक्ताचा दिवस आला वाटतं. रक्तातून लोह साठतं ते काढायला रोज पाण्यात विरघळणारी गोळी, चव नको वाटते, रोज समजूत काढावी लागते. उन्हाळ्यात आणि दिवाळीत रक्तदान शिबिरं कमी होतात तेव्हा पिशवीसाठी वणवण.

लग्नाआधी आमचं कुणी तपासलं नाही. मुलगा आजारी पडला तेव्हा सासरी सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं, हिच्या माहेरचं आहे म्हणून. नवऱ्याचा रिपोर्ट यायच्या आधीच मला दोषी ठरवून मोकळे झाले होते. रिपोर्ट दोघांचा सारखाच आला. तसा तो यावाच लागतो, एकट्या आईकडून किंवा एकट्या बापाकडून हा आजार येतच नाही, ही साधी गोष्ट घरातल्या मोठ्या माणसांना कुणीतरी ठासून सांगायला पाहिजे. मांजराकाठ दादा, बहिणीला माझा निरोप द्या, तिनं मान खाली घालायचं काही कारण नाही, उलट तिचं आधी कळलं हे भाग्य समजा.

लातूरची_हैदराबादेत
जालन्याच्या ताईंनी लिहिलंय ते मला कधीच लिहिता आलं नसतं. ताई, मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढलंय ना? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसीमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल तिन्ही आहेत. आणि सख्ख्या भावंडाचा एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळला तर बोनमॅरो बदलता येतो, त्यासाठी कोल इंडियाच्या निधीतून थॅलेसीमिया बाल सेवा योजनेत १० लाखांपर्यंत मदत मिळते. भावंड जुळण्याची शक्यता चारात एक.

आता नात्याचा हिशोब. मामाची मुलगी आणि आत्याचा मुलगा यांचे एक आजी-आजोबा सामाईक असतात, म्हणून त्यांच्या जीनचा सरासरी आठवा हिस्सा सारखा असतो. साधारण जोडप्यात जन्मजात गंभीर दोषाची शक्यता २-३ टक्के धरतात, सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात ती ४ ते ६ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे दुप्पट होते हे खरं, आणि शंभरातल्या ९४-९६ जोडप्यांची मुलं ठीक असतात हेही खरं. मामा-भाचीच्या लग्नात चौथा हिस्सा सारखा असतो, तिथं धोका आणखी वर जातो, आपल्या तेलंगणा-कर्नाटक सीमेवरच्या तालुक्यांत ती प्रथा अजून दिसते. पण ही झाली सरासरी. मांजराकाठ यांच्या घरात आता सरासरीवर चालायचं कारण नाही, कारण कुठल्या जीनमध्ये बिघाड आहे हे नाव-गावासकट कळलंय.

दादा, बहिणीची बिघडलेली प्रत तुमच्या वडिलांकडून आलीय का आईकडून? हे आधी बघा. वडिलांकडून आली असेल तर ती आजी किंवा आजोबांकडून आलेली, म्हणजे तुमच्या आत्याकडं असण्याची शक्यता निम्मी, आणि आत्याच्या मुलाकडं चारात एक. आईकडून आली असेल आणि आई त्याच घराण्यातली नसेल तर नवरदेवाला इतर कुणाइतकाच धोका, तीसात एक वगैरे. आणि दादा, एक राहून जायला नको. तुम्ही सख्खे भाऊ. तुमच्याकडं असण्याची शक्यता निम्मी आहे. तुमचं लग्न झालंय का?

मांजराकाठ
झालंय ताई. बायकोला दिवस गेलेत, दोन महिने झालेत. माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. उद्याच सगळ्यांचं देतो.

रक्तपेढीवाला_नांदेड
तुमचं, वहिनींचं, वडिलांचं, आईचं, आत्याचं आणि नवरदेवाचं. सगळ्यांचं एकदम सीबीसी आणि एचपीएलसी. मागच्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, रिपोर्ट फसतो.

किनवट_माहूर
नमस्कार. मी आश्रमशाळेवर शिक्षक आहे. थॅलेसीमियावर चर्चा चाललीय पण आमच्या भागात सिकलसेल आहे, गोंड, कोलाम, प्रधान, आंध सगळ्यांत पेशंट दिसतात, आणि आदिवासींच्याच घरात असतो असंही नाही. पोराचे हातपाय ठणकतात, अंगावर ताप, देवऋषीकडं नेतात, आठ दिवस शाळा बुडते, परत येतं ते वाळून आलेलं. आता तपासण्या होतात, १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांना तपासायचं उद्दिष्ट आहे, कार्डही मिळतं. पण कार्ड पेटीत पडून राहतं आणि लग्न जमवताना कुणी काढत नाही. ताई, सिकलसेल आणि थॅलेसीमिया एकच का वेगळं? एकीकडं हे आणि दुसरीकडं ते असलं तर?

लातूरची_हैदराबादेत
गुरुजी, जीन तोच, बदल वेगळा. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतला सहावा मणी बदलतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, जीनमध्ये ए चा टी होतो एवढ्यावरून. इथं माल कमी बनत नाही, वेगळ्या स्वभावाचा बनतो. ऑक्सिजन कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात, पेशी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि मग ती हाडं फोडणारी वेदना. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांत फुटते.

याचा शोधही सांगण्यासारखा आहे. १९१० मध्ये शिकागोत हेरिक यांनी पेशंटच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी पाहून लिहून ठेवलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की विजेच्या प्रवाहात या पेशंटचं हिमोग्लोबिन वेगळ्या गतीनं सरकतं, म्हणजे आजार एका रेणूत आहे, आणि त्यांनी त्याला रेण्वीय आजार असंच नाव दिलं. काही वर्षांत इनग्राम यांनी तो एक मणी नेमका शोधला. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा पहिल्यांदा नोंदवला गेला. आपल्याकडच्या प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं म्हणून तो आफ्रिकेतल्यापेक्षा बऱ्याचदा सौम्य असतो, पण सगळ्यांतच नाही, म्हणून सौम्य आहे म्हणत बसू नये. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळीनं तेच गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं आणि झटके कमी होतात, डॉक्टरांच्या नजरेखाली नियमित घ्यावी लागते.

२०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली क्रिस्पर ही जीन कापणारी थेरपीही हीच वाट धरते. पेशंटच्या रक्त बनवणाऱ्या मूळपेशी बाहेर काढून बीसीएल-११-ए या जीनचा स्विच तोडतात, त्यामुळं बंद पडलेलं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन परत सुरू होतं. सिकलसेल आणि थॅलेसीमिया दोन्हींना चालते. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. आपल्या लोकांच्या आवाक्यात यायला फार वेळ आहे, पण शंभर वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली बघून, मलेरिया मोजून, एकेक अक्षर वाचून आपण इथवर आलोत हे मला फार मोठं वाटतं.

तुमचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. एकीकडं सिकलसेल वाहक आणि दुसरीकडं थॅलेसीमिया वाहक असेल तर प्रत्येक बाळाला चारात एक शक्यता की दोन्ही येतील, आणि तो आजार सिकलसेलसारखाच त्रास देतो.

परळीकर_०७
हे एका जीनचे आजार झाले. पण आमच्या घरात सगळ्यांना शुगर, आजोबा, वडील, दोन काका, आता मला पस्तिशीत. लोक म्हणतात खानदानी आहे, काही उपयोग नाही पथ्याचा. त्याचा पण जीन सापडलाय का? तपासून घेतलं तर पोरांना टाळता येईल का?

लातूरची_हैदराबादेत
शुगरचा असा एक जीन नाही भाऊ. हे शोधण्याची रीतच वेगळी आहे. कुठल्याही दोन माणसांत हजारात साधारण एक अक्षर वेगळं असतं, दोन्ही प्रती मिळून प्रत्येकात ४०-५० लाख फरक. त्यातला कुठला शुगरशी जोडलेला आहे हे बघायला हजारो मधुमेही आणि हजारो निरोगी लोकांचं रक्त घेतात, प्रत्येकाच्या डीएनएमधल्या लाखो ठिकाणी कुठलं अक्षर आहे ते चिपवर वाचतात आणि कुठलं अक्षर मधुमेहींत जास्त दिसतं ते मोजतात. एवढ्या ठिकाणी बघितलं की योगायोगानंच काहीतरी जुळणार, म्हणून निकष फार कडक, योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकपेक्षा कमी असेल तरच मानायचं. आणि मग दुसऱ्या लोकांत परत तेच सापडलं पाहिजे. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये सात आजारांचे १४ हजार रुग्ण आणि ३ हजार निरोगी लोक घेऊन असा मोठा अभ्यास झाला आणि ही पद्धत रुळली.

२००६ मध्ये आइसलँडच्या गटाला टीसीएफ-७-एल-२ हा जीन शुगरशी जोडलेला सापडला, पुढच्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे डॉ. चांडक यांच्या गटानं भारतीयांतही तेच दाखवलं. आजवरचा हा सगळ्यात जोरदार सामान्य बदल, आणि त्याची एक प्रत असली तर धोका वाढतो फक्त दीडपटीच्या आतबाहेर. बाकीचे शेकडो बदल याच्याहून दुबळे. सगळ्यांची बेरीज करूनही तुम्हाला शुगर होणार का नाही हे ठामपणे सांगता येत नाही. घराण्यात शुगर म्हणजे घराण्याचं जेवण, वजन, बसून राहणं हेही वारशानं आलेलं असतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात दिसलं की आपली बाळं जन्मताना वजनानं कमी पण चरबीनं त्या मानानं जास्त असतात, म्हणजे सुरुवात आईच्या पोटातच होते. पथ्याचा उपयोग नाही हे साफ चूक. पोरांची जीन तपासणी करत बसू नका, त्यांना मैदानावर पाठवा आणि तिशीच्या आत एकदा एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) बघा.

नगरेश्वर_गल्ली
ताई मी नांदेडचा, आर्य वैश्य समाजातला. आमच्यात भूल देताना काहीतरी अडचण असते असं एका भूलतज्ज्ञांनी सांगितलं होतं, समाजाचं नाव विचारलं तेव्हा मला रागच आला होता. त्यात तथ्य आहे का?

लातूरची_हैदराबादेत
आहे, आणि त्या डॉक्टरांनी बरोबर विचारलं. ऑपरेशनच्या वेळी श्वासनळीत नळी टाकायला सक्सिनिलकोलिन नावाचं औषध देतात, त्यानं स्नायू सैल पडतात आणि काही मिनिटांत परत ठीक होतात, कारण रक्तातलं ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम ते फोडून टाकतं. ज्यांच्यात हे एन्झाइम नसतं त्यांचे स्नायू तासन् तास सैल राहतात, व्हेंटिलेटर काढता येत नाही. वैश्य समाजात ही कमतरता भारतातल्या इतर गटांपेक्षा सुमारे शंभर पट जास्त आहे. एरवी या माणसाला आयुष्यभर काहीच त्रास नसतो. भूलतज्ज्ञांना आधी सांगितलं की ते दुसरं औषध वापरतात, प्रश्न मिटला.

हे असं का होतं ते लालकंधारी काकांच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. थोड्या लोकांपासून समाज सुरू झाला, पुढं शेकडो-हजारो वर्षं लग्नं आतल्या आतच झाली, तर त्या मूळच्या थोड्यांपैकी एखाद्याकडं असलेला दुर्मीळ बदल सगळ्या समाजात पसरतो. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात सीसीएमबी आणि हार्वर्डच्या लोकांनी दक्षिण आशियातले २६० हून जास्त गट तपासले, त्यातल्या ८१ गटांत हा परिणाम फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही जास्त निघाला, आणि त्यातले १४ गट तर दहा लाखांहून मोठे. म्हणजे नात्यात नाही केलं, बाहेरच्या तालुक्यातली मुलगी केली, म्हणून सुटलो असं नाही. जात तीच असेल तर दूरचे पूर्वज तेच असतात. प्रत्येक समाजाचे एकदोन आजार वेगळे, आणि ते आपले आपण शोधल्याशिवाय कळणार नाहीत. हृदयाच्या स्नायूच्या एका जीनमध्ये, एमवायबीपीसी-३ मध्ये, २५ अक्षरं गळालेली असतात आणि उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. हा बदल आपल्याकडच्या सुमारे ४ टक्के लोकांत आहे आणि युरोपात जवळजवळ नाहीच, तिकडच्या अभ्यासांत तो कसा दिसणार? जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पात ८३ गटांतल्या सुमारे १० हजार लोकांचा पूर्ण डीएनए वाचला, जानेवारी २०२५ मध्ये तो साठा फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुला झाला. मला मनापासून वाटतं की मराठवाड्यातल्या लोकांनी असल्या अभ्यासात रक्त द्यायला पुढं यावं, संमतीपत्र नीट वाचून, प्रश्न विचारून, पण द्यावं.

मांजराकाठ
रिपोर्ट आले. वडील वाहक. आत्या वाहक. मी वाहक, एचबीए-टू ५.२. आणि नवरदेव पण वाहक, ५.१. बायकोचं एचबीए-टू २.४ आलंय, तिचं हिमोग्लोबिन ९ आहे, एमसीव्ही ७२. हिचं २.४ म्हणजे ठीकच ना? बहिणीचं काय करायचं काही सुचत नाहीये.

रक्तपेढीवाला_नांदेड
वहिनींचं ठीक आहे असं एवढ्यावर म्हणू नका. लोह फार कमी असलं की ए-टू खाली दबतं आणि वाहक असूनही रिपोर्ट साधा दिसू शकतो. पेशी बारीक आहेत म्हणून शंका घ्यायची. एरवी मी म्हणलो असतो तीन महिने लोह द्या आणि परत तपासा, पण त्यांना दिवस आहेत आणि तुम्ही वाहक आहात, वेळ घालवू नका, थेट बीटा जीनची डीएनए तपासणी करा.

लातूरची_हैदराबादेत
अगदी बरोबर. दादा, बहिणीबद्दल. दोघं वाहक म्हणजे प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मेजर, चारात दोन वाहक, चारात एक पूर्ण मोकळं. आणि हे प्रत्येक वेळी नव्यानं, पहिलं बाळ चांगलं झालं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. रस्ते आहेत. लग्न न करणं हा एक. लग्न करून गरोदरपणात दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाची तपासणी करणं हा दुसरा, नोंदणीकृत जनुकीय केंद्रात हे कायद्यानं चालतं, मुलगा का मुलगी हे मात्र १९९४ च्या कायद्यानुसार कुणी सांगत नाही आणि विचारूही नये. त्यासाठी दोघांचा नेमका बदल आधीच माहीत हवा, म्हणून लग्नाआधीच दोघांची डीएनए तपासणी करून कागद जवळ ठेवा. आयव्हीएफ करून निरोगी गर्भ निवडणं हा तिसरा, खर्चिक आहे. मूल दत्तक घेणंही आहे. यातलं काय, हे त्या दोघांनी समुपदेशकासमोर बसून ठरवायचं. आत्यानं नाही, तुम्हीही नाही, मी तर नाहीच.

लालकंधारी
पोरीला एकटीला दोष देणारे आता गप बसले असतील. बरं झालं सगळ्यांचं तपासलं.

मांजराकाठ
उशिरा लिहितोय, धावपळीत होतो. बायकोच्या जीन तपासणीत काही निघालं नाही, आमच्या बाळाला मेजर होणार नाही, फार तर वाहक होईल असं सांगितलं. तिचं लोह आता सुरू आहे. बहीण आणि आत्याचा मुलगा दोघं पुण्याला जाऊन समुपदेशकाला भेटून आले. दोघांत एकच बदल निघाला, ताईंनी लिहिलेलाच, पहिल्या तुकड्यातल्या पाचव्या अक्षराचा. आत्या तो कागद घेऊन बराच वेळ बसली होती, मग बहिणीला जवळ घेऊन म्हणाली माझ्याच बापाचं किंवा मायचं दोघींकडं आलंय. पुढचं त्या दोघांनी ठरवलंय, ते मी इथं लिहीत नाही. चुलत्यांची आणि दुसऱ्या आत्याची पोरं मिळून लग्नाची बरीच आहेत, सगळ्यांचं तपासायला लावतोय. गावात शाळेवर एक शिबिरही घ्यायचं म्हणतोय. तिथं नेमकं काय तपासायचं, सगळ्यांचं एचपीएलसी परवडणार नाही.

किनवट_माहूर
आम्हालाही दहावी-बारावीच्या पोरांचं करायचंय, सांगाच.

रक्तपेढीवाला_नांदेड
मांजराकाठ दादा, तुमच्याकडं आधी सगळ्यांचं सीबीसी करा. ज्यांचं एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच (एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली येईल तेवढ्यांचंच एचपीएलसी लावा, खर्च बराच वाचतो. तुमच्या चुलतभावंडांचं मात्र थेट एचपीएलसी करा, तिथं गाळणी नको.

गुरुजी, तुमच्याकडं ही गाळणी चालणार नाही. सिकलसेलच्या वाहकाचं सीबीसी एकदम साधं येतं, त्यात तो सुटून जाईल. आणि नुसती सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची झटपट तपासणी) केली तर वाहक कोण आणि आजारी कोण हे कळत नाही, थॅलेसीमियाही सुटतो. म्हणून किनवट-माहूरला सगळ्यांचं एचपीएलसीच. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त, पाच-सात वेळा हलक्या हातानं उलटसुलट करायचं, नाहीतर गुठळी होते, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवायचं, पण ट्यूब थेट बर्फाला लागू द्यायची नाही, रक्त गोठून पेशी फुटतात. यादीत नाव आणि वयासोबत मागच्या तीन महिन्यांत रक्त चढवलं का हा रकाना ठेवा, आणि पालकांची सही आधी घ्या.

किनवट_माहूर
रकाना आत्ताच वाढवला. पालक सभा आहे त्यात सह्या घेतो.